साच्यातली खोट

सुतारानं आणलेला पहिला साचा इतका देखणा होता, की त्याला नाही म्हणताना कोरडे मास्तरांच्या जिवावर आलं.

'कोरडे' हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ओतशाळेत तीस वर्षं त्यांनी वितळलेला धातू साच्यांत ओतला, आणि त्या तीस वर्षांत त्यांच्या पळीतून एक थेंब बाहेर सांडलेला कुणी पाहिला नाही. नवा माणूस कामावर आला की मुकादम त्याला मास्तरांच्या जागेपाशी उभा करायचा आणि म्हणायचा, "यांच्या पायाखालची फरशी बघ. कोरडी ठणठणीत." तिथून नाव पडलं ते पडलंच. बोलण्यातही गृहस्थ तसेच, त्यामुळे ते दोन्हीकडून बसलं.

सुतार हा त्यांचा ओतशाळेतलाच सोबती. तो लाकडाचे नमुने घडवायचा, मास्तर त्यांवरून धातू ओतायचे. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. मास्तर घरी बसले. सुताराला बसवेना, म्हणून त्यानं आपल्या परसात शिडाची बोट बांधायला काढली. दोन वर्षं तो तिच्याभोवती रंधा घेऊन फिरत होता. आता बोट तयार होती. फक्त तिच्या तळाशी वजन हवं होतं, नाहीतर वाऱ्याच्या पहिल्याच झोताला ती कुशीवर झोपली असती. त्यासाठी त्यानं शिशाचं भंगार जमवलं होतं: जुन्या छपरांवरचे पत्रे, नळांचे तुकडे, गाड्यांच्या चाकांना लावतात ती बोटभर वजनं. ते सगळं वितळवून तीन-तीन किलोच्या साठ लगडी पाडायच्या आणि बोटीच्या फासळ्यांमध्ये ओळीनं बसवायच्या, असा बेत होता. लगडीला कोण नक्षी बघायला जातंय? घरच्या घरी केलेला कुठलाही बरा साचा चालणार होता.

"ओतणार मात्र तू," सुतारानं दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं.

"मी नाही तर काय न्हावी ओतणार?" मास्तर म्हणाले होते.

तेव्हा त्यांचा हात कापत नव्हता.

कापायला लागून आता चार महिने झाले होते. आधी नुसता उजवा, तोही बटण लावताना. मग चहाच्या कपाची बशीशी किणकिण सुरू झाली. मास्तरांनी बशी घेणंच सोडलं. दाढी घरी करायचे ती बाहेर करून यायला लागले. सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही म्हणायचे. बायकोला यातलं काही कळलं नव्हतं, कारण ती पंचवीस वर्षं त्यांच्या लहरी पाहत आली होती आणि ही त्यातलीच एक समजत होती. पण मुलीची धास्ती होती. मुलगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. दिवसभरात साठ-सत्तर लोकांचे हात तिच्या हातात यायचे. अशा मुलीसमोर हात लपवायचा म्हणजे चोरानं चौकीसमोर बिऱ्हाड करण्यासारखंच. ती घरात असली की मास्तर हात खिशात, नाहीतर पाठीमागे बांधून बसायचे. "बाबा, तुम्ही शाळातपासणीला आल्यासारखे काय बसता?" असं तिनं एकदा विचारलंही होतं.

आणि खरी भीती कापण्याची नव्हतीच. मास्तरांच्या थोरल्या भावाचा हात असाच कापायला लागला होता. तीन वर्षांत त्याला घास भरवायची वेळ आली, आणि पाचव्या वर्षी तो पलंगावरून उठला नाही. मास्तर रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा हात बघायचे. चादरीवर तो शांत पडलेला असायचा. मग ते तो उचलायचे, आणि तो कापायला लागायचा.

तर सुतारानं आणलेला पहिला साचा लाकडाचा होता. कठीण लाकूड, कोपऱ्यांत असे सांधे की मध्ये केस जाणार नाही.

"लाकूड आहे हे," मास्तर म्हणाले. हात पाठीमागेच होते.

"दिसतंय मलाही."

"चार लगडी निघतील. पाचवीला आतून जळेल, धूर धरेल, शिसं बुडबुडेल. साठ नाही निघायच्या."

हे शंभर टक्के खरं होतं. सुतार हिरमुसला, पण त्याला पटलं. मोठी भरती अकरा दिवसांवर होती. त्या भरतीला सुताराच्या परसामागच्या खाडीचं पाणी उतारापर्यंत चढलं म्हणजेच बोट घरंगळत आत सोडता यायची. ती चुकली की पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत थांबणं आलं.

दुसरा साचा बायकोनं दिला. तिच्याकडे पाव भाजायचा लांबट डबा होता, कडेला जरा चेपलेला. "एवढासा तर साचा हवा म्हणताय. हा घ्या, मला नवा होईल."

मास्तरांनी डबा नुसता डोळ्यांनी न्याहाळला. "याचे कोपरे डाग देऊन जोडलेत. शिशाच्या उष्णतेनं डाग वितळेल, तळ उघडेल आणि सगळं माझ्या पायावर येईल. आणि एकदा शिसं लागलेलं भांडं परत स्वयंपाकघरात येता कामा नये. कधीच नाही."

हेही खरंच होतं. बायकोनं डबा छातीशी धरून परत नेला, जसा काही तो वाचला होता.

तिसरा मुलीनं सुचवला. तिनं कुठंतरी पाहिलं होतं, की लोक सिमेंटचे साचे करतात. मास्तर म्हणाले, "सिमेंट वरून वाळलेलं दिसतं, आत पाणी असतं. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब सापडला, तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोफेसारखं वर उडतं. बघितलंय मी. नको."

हे अर्धं खरं होतं. सिमेंट आठ दिवस मंद आचेवर भाजून काढलं असतं तर चाललं असतं. पण ते मास्तरांनी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सुतार पुन्हा हजर झाला, खांद्यावर लोखंडी चॅनल घेऊन. पन्हाळीसारखी ती लांब पट्टी त्यानं अंगणात आडवी टाकली. "हे घे. दोन्ही टोकांना माती थापायची, मध्ये मातीचेच बांध घालायचे. एका वेळी पाच लगडी. तूच असं करायचास ना भट्टीमागं, मुकादमाची पाठ वळली की?"

करायचे. मास्तर हसलेसुद्धा. आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर ती पळी आली: तीन किलो शिसं भरलेली, चांदीसारखी चकाकणारी, आणि तिच्या कडेवरून इकडून तिकडे हलणारं ते जड पाणी.

"मातीत ओल राहते," ते म्हणाले.

"वाळवू की!"

"आणि चॅनलच्या भिंती सरळ उभ्या आहेत. उतार नाही. लगड आत चिकटून बसेल, निघायची नाही."

"पूर्वी निघायची ती?"

"पूर्वीचं चॅनल वेगळं होतं."

सुतारानं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. तीस वर्षांत त्यानं मास्तरांचे शेकडो नकार ऐकले होते. नमुना नापसंत पडला की मास्तर तो परत पाठवायचे आणि सुतार शिव्या देत पुन्हा घडवायचा. पण त्या प्रत्येक नकारामागं काहीतरी असायचं. आज त्याला ते दिसेना. "बरं," म्हणाला आणि चॅनल तिथंच टाकून गेला.

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही. आपण खोटं बोललो, तेही साच्याबद्दल, हे त्यांना सलत राहिलं. घरात, बाजारात, नातेवाइकांत माणूस थोडंफार इकडचं तिकडं करतोच. साच्याबद्दल त्यांनी आजवर कुणाला वाकडं सांगितलं नव्हतं. सरळ सांगून टाकावं, असं त्यांनी चारदा ठरवलं. पण सांगायचं म्हणजे हात पुढं करायचा. हात पुढं केला की मुलगी तो धरणार, डॉक्टरकडं नेणार, आणि डॉक्टर भावाच्या आजाराचं ते नाव उच्चारणार. जोवर कुणी उच्चारलं नाही तोवर ते नाहीच, अशी मनाची समजूत घालून ते बसले होते.

मुलगी गप्प बसणारी नव्हती. बापाला काय हवंय ते तिनं नीट ऐकून घेतलं होतं: पोलाद हवं, भिंतींना उतार हवा, सांधे वितळणारे नकोत, ओल धरणारं काही नको. तिनं कागदावर आकृती काढली आणि दवाखान्याच्या रस्त्यावरच्या वेल्डरबाईंकडे गेली. या बाई एकट्यानं वर्कशॉप चालवायच्या. शाळांची फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, काय वाटेल ते त्यांच्याकडं व्हायचं. सहाव्या दिवशी मुलगी साचा घेऊन घरी आली.

जाड पोलादी पत्रा. शेजारी शेजारी चार खण, प्रत्येक वीतभर लांब, वर रुंद, खाली अरुंद. दोन्ही बाजूंना उचलायला कड्या. आतले सांधे घासून इतके गुळगुळीत केलेले, की बोट फिरवलं तरी कळू नये.

"आता?" मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आल्याचा भाव होता. "काढा खोट."

मास्तर साच्यासमोर उकिडवे बसले. खोट नव्हती. ओतशाळेत त्यांना असा साचा मिळाला असता, तर त्यांनी तो करणाऱ्याला शोधून चहा पाजला असता. त्यांनी तो या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला. हात त्यांनी खिशातून काढला नाही. भरतीला सहा दिवस उरले होते. सुतार सकाळीच सांगून गेला होता, की रविवारी भट्टी पेटवायची.

"भोक आहे," ते म्हणाले.

"कुठं?"

"तिसऱ्या खणात. सांध्यात. सुईच्या अग्राएवढं. तुला नाही दिसायचं. त्यातून शिसं झिरपेल."

मुलीचा चेहरा उतरला. तिनं साचा उचलला आणि परत घेऊन गेली. मास्तर तिथंच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात स्कूटर थांबली. वेल्डरबाई उतरल्या. अंगावर चामड्याचा एप्रन तसाच, कपाळावर चढवलेला काळा चष्मा, आणि काखेत साचा. मागोमाग मुलगी. नेमका सुतारही आत बसलेला होता. रविवारच्या तयारीचं बोलायला आला होता.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. साचा त्यांनी ओट्यावर ठेवला. "अठरा वर्षं झाळ मारतेय मी. माझ्या टाक्या गळत नाहीत. भोक दाखवा."

"बारीक आहे," मास्तर म्हणाले.

"बारीकच दाखवा. मोठं असतं तर मलाच दिसलं असतं."

"उजेडात धरलं की..."

"धरा."

मास्तर हलले नाहीत. सुतार उठून साच्यावर वाकला. बायकोही आतून पदराला हात पुसत बाहेर आली.

"असं करू," बाई म्हणाल्या. "पाणी घालून बघू. भोक असलं तर गळेल."

"साच्यात पाणी घालत नाहीत!" मास्तर एकदम ओरडले. या एका वाक्यात तरी ते खरं बोलत होते.

"भट्टी कुठं पेटलीय आत्ता? नंतर वाळवू." बाईंनी ओट्यावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यांच्यापुढं धरला. "तुम्हीच घाला. नंतर म्हणायला नको, मी घाईनं ओतलं."

चार जण बघत होते. नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. मास्तरांनी खिशातून हात काढला, तांब्या घेतला, दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं आणि तिसऱ्या खणावर तो कलता केला.

पाणी खणात पडलं नाही. ते आधी साच्याच्या कडेवर पडलं, मग ओट्यावर, मग सुताराच्या बुटांवर. तांब्या साच्याच्या पोलादावर टकटक टकटक वाजत राहिला. मास्तर दात आवळून तो सरळ करायला गेले तसा तो आणखीच नाचला. शेवटी मुलीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

बाईंनी खाली वाकून खणाकडं पाहिलं. जेवढं पाणी आत गेलं होतं तेवढं आतच होतं.

"भोक नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, जरी तिथं त्याची काही गरज नव्हती. "नीट वाळवून वापरा." आणि त्या गेल्या.

मुलीनं बापाचा हात हातात घेतला. रोज सत्तर जणांचा घेते तसाच, मनगटाखाली तळवा देऊन. "कधीपासून?"

"चार महिने."

"चार महिने!" बायको म्हणाली. "आणि मी समजत होते की म्हातारपणी नटायचं वेड लागलंय. दर तिसऱ्या दिवशी बाहेर जाऊन दाढी! मी शेजारणीला हसून सांगितलं हो!" एवढं बोलून ती रडायलाच लागली, आणि रडता रडता तिनं ओट्यावरचं पाणी पुसायला घेतलं.

सुतार आपल्या ओल्या बुटांकडं बघत होता. "म्हणजे माझ्या चॅनलमध्ये काही वाईट नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"लाकडाचं?"

"लाकडाचं खरं होतं."

"मला वाटलं, तुला माझी बोटच नकोशी झालीय. दोन रात्री झोप नाही मला." सुताराचा आवाज चढला. "अरे, नाहीच म्हणायचं होतं तर सरळ सांगून नाही म्हणायचं! राहू दे बोट. पुढच्या भरतीला बघू, नाहीतर त्याच्या पुढच्या."

"मी ओतते," मुलगी म्हणाली.

मास्तर ताडकन उभे राहिले. आपला हात कापतो म्हणून जेवढी भीती त्यांना चार महिन्यांत वाटली नव्हती, तेवढी त्या दोन शब्दांनी वाटली. "तू भट्टीसमोर उभी राहणार नाहीस. मी जिवंत असेपर्यंत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एकाचा..."

"मग शिकवा तिला," बायको रडणं थांबवून म्हणाली. "नाहीतर ती न शिकता ओतेल. तुमच्याच वळणावर गेलीय, मला माहीत आहे."

"माझी एक अट आहे," मुलगी म्हणाली. "सोमवारी सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरांकडं यायचं. मी ओतायचं, तुम्ही यायचं."

मास्तरांनी सुताराकडं पाहिलं. तो बुटाचे बंद सोडण्यात गुंतल्याचं सोंग करत होता.

"आधी तो साचा पुसून उन्हात ठेव," मास्तर म्हणाले. "पालथा."

रविवारी सकाळी सुताराच्या परसात गॅसची शेगडी मांडली. वर बिडाचं जाड भांडं. मुलीच्या अंगावर जुनं जाड जाकीट, हातात कोपरापर्यंत मोजे, पायात बूट आणि पँट बुटांच्या बाहेरून, म्हणजे थेंब उडाला तर बुटात शिरणार नाही. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. वारा तिच्या पाठीकडून यावा म्हणून मास्तरांनी शेगडी तीन वेळा फिरवून घेतली. बायकोला त्यांनी घरीच बसवलं होतं. एकीची काळजी पुरत होती.

"साचा आधी आचेवर धर. दिसतंय? घाम फुटतोय त्याला. कोरडं दिसणारं लोखंडही गरम झालं की घामेजतं. तो घाम गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला, की मग थांबायचं. आता मेणबत्तीची काजळी धर आतून. म्हणजे लगड सुटेल. अगं, तशी नाही, सगळीकडं सारखी. कोपऱ्यात. कोपऱ्यात!"

"बाबा, ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये!" मास्तर ओरडले.

भांड्यातले राखाडी पत्रे हळूहळू बसले, खचले, आणि त्यांच्या खालून ते चकाकतं तळं वर आलं. वरचा मळ मुलीनं झाऱ्यानं बाजूला केला. तिनं पळी बुडवली. पळी भरून वर आली. तिचा हात स्थिर होता. अगदी दगडासारखा. पळी खणावर आली, कलली, आणि शिसं एका सलग धारेनं आत उतरलं.

पहिल्या चार लगडी सुरकुतलेल्या निघाल्या, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारख्या. "साचा अजून थंड आहे," मास्तर म्हणाले. "पुन्हा भांड्यात." दुसऱ्या चारांपैकी दोन बऱ्या होत्या. तिसऱ्या खेपेला मुलीनं साचा उलटून फळीवर हलकेच आपटला, आणि चार गुळगुळीत लगडी टपटप खाली पडल्या. सुतारानं टाळ्या वाजवल्या. मास्तर हसले नाहीत. ते मुलीच्या बुटांकडं, हातमोज्यांकडं, आभाळाकडं, शेगडीच्या नळीकडं आळीपाळीनं बघत होते. चाळीस लगडी झाल्या तेव्हा त्यांच्या मानेला रग लागली होती, जणू सगळ्या त्यांनीच उचलल्या.

गडबड झाली ती बेचाळिसाव्या लगडीनंतर. भांड्यातलं शिसं तळाला गेलं होतं. नियम असा ठरला होता, की शेगडी बंद करून, उरलेलं थिजू देऊन, मगच नवं भंगार घालायचं. मुलगी साचा मोकळा करत होती. सुताराला वाटलं, आपणही हातभार लावावा. त्यानं ढिगातून छपराच्या पत्र्याची एक गुंडाळी उचलली आणि भांड्याकडं निघाला.

मास्तरांनी ती गुंडाळी पाहिली. ती ढिगाच्या तळातली होती, दोन वर्षं जमिनीला टेकलेली, आणि तिच्या टोकाशी शेवाळाचा हिरवा ठिपका होता. ओरडून समजावण्याइतका वेळ नव्हता. सुताराचा हात भांड्यावर आला. मास्तरांनी पुढं झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याला असा धक्का दिला, की सुतार गुंडाळीसकट मागच्या भंगारात जाऊन बसला.

"वेडा झालास काय?" सुतार किंचाळला.

"उलगड ते," मास्तर म्हणाले. धाप लागली होती. "उलगड."

सुतारानं पत्रा उलगडला. आतून चमचाभर पाणी त्याच्या मांडीवर ओघळलं.

तिघंही त्या ओल्या डागाकडं बघत राहिले. मुलगी भांड्याच्या अगदी जवळ, तीन पावलांवर उभी होती. तिनं सावकाश मोजे काढले, शेगडी बंद केली, आणि परसाच्या पायरीवर जाऊन बसली. मास्तर तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "तुम्ही तीस वर्षं असं काम करत होता?"

"रोज," मास्तर म्हणाले.

"आणि आम्ही घरी तुम्हाला उशीर झाला म्हणून रुसायचो."

त्यांनी सगळं भंगार पुन्हा तपासलं. नळाचा प्रत्येक तुकडा कापून उघडला, प्रत्येक पत्रा उलगडून उन्हात पसरला. उरलेल्या अठरा लगडी व्हायला संध्याकाळ झाली.

सोमवारी डॉक्टरबाईंनी मास्तरांना कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढायला लावलं. मग हात मांडीवर ठेवून नुसतं बसायला सांगितलं. मग नाकाला बोट लावायला, चालायला, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला. पाणी सांडलं. मास्तर ते नाव ऐकायच्या तयारीनं बसले होते.

"भावाचा हात बसल्या जागी कापायचा का?" मुलीकडून त्याच्याबद्दल ऐकलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो. मांडीवर ठेवला तरी."

"तुमचा मांडीवर शांत असतो. काहीतरी करायला उचलला की कापतो. भावाचा आजार हा नव्हे, असं मला वाटतं. हा त्रासदायक आहे, पण तसा नाही." रक्तातलं शिसंही त्यांनी तपासून घेतलं. रक्त मुलीनंच काढलं, आणि सुई कधी टोचली ते मास्तरांना कळलं नाही. चार दिवसांनी आकडा आला. वाढलेला होता, घाबरण्याइतका नाही. पण भट्टीच्या आसपास पुन्हा फिरकायचं नाही, अशी तंबी मिळाली. गोळ्या सुरू झाल्या. कापणं थोडं कमी होईल, जाणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

त्या सोमवारी मास्तर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले आणि किती तरी वेळ तिथून उठलेच नाहीत. बरोबर आलेल्या बायकोनं विचारलं, "रडताय का?" तर म्हणाले, "उन्हानं डोळे चुरचुरतात." ऊन नव्हतं.

रक्ताचा आकडा आला तो नंतर. मोठी भरती त्याआधी, बुधवारी आली. पाणी उताराकडेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं आणि बोट लाकडी ओंडक्यांवरून घसरत त्यात शिरली. सुतार आत उतरला. मुलगी काठावरून लगडी देत होती, तो त्या फासळ्यांमध्ये रचत होता, आणि मास्तर काठावर उभे राहून मोजत होते. वेल्डरबाईंनाही बोलावलं होतं. मास्तर त्यांच्याकडं जाऊन म्हणाले, "तुमच्या साच्यात खोट नव्हती."

"माहीत होतं मला," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी सरळ सांगा."

साठावी लगड आत गेली. बोट पाण्यात बसली, डुलली, थांबली. सुतार शिडाच्या खांबाला धरून उभा राहिला आणि विजयी वीरासारखा सगळ्यांकडं बघायला लागला.

मास्तरांनी डोळे बारीक केले. मग ते एका बाजूला सरकले, पुन्हा दुसऱ्या.

"डावीकडं कललीय," ते म्हणाले.

"कुठं कललीय?"

"दोन बोटं. पाण्याची रेघ बघ. डाव्या बाजूच्या तीन लगडी उजवीकडं घे." आणि त्यांनी हात पुढं करून दाखवलं, कुठल्या तीन. हात चांगलाच कापत होता, सुतार वाकून विचारत होता, "ही? का ही? अरे, एका जागी धर की बोट!" आणि मास्तर म्हणत होते, "जमलं असतं तर धरलं नसतं का? मधली घे, मधली!"